मॅब्रींची कंबर

मॅब्री घराण्यातल्या पुरुषांना देवानं दोन गोष्टी भरभरून दिल्या होत्या. एक खणखणीत आवाज आणि दुसरी कंबरदुखी. पहिलीचा उपयोग दुसरीचं कौतुक सांगायला व्हायचा. लोकांच्या घराण्यात कुणी पुढारी निघतो, कुणी मुष्टियोद्धा निघतो. मॅब्रींच्यात कंबर निघायची.

साठीच्या आसपास मॅब्री पुरुष पाठीमागे उशी घेऊन बसायला लागायचा. मग काठी यायची. मग एका रविवारी पाद्रीबुवा जड आवाजात सांगायचे, की बंधू अमुक मॅब्री यांना प्रभूनं आपल्या घरी नेलं. कशानं नेलं? कंबरेनं. कंबरेनं माणूस मरतो का हो, असं विचारायचा आगाऊपणा शिकागोच्या दक्षिण भागात कुणी केला नाही. आपल्याकडे मयताच्या घरी तळलेली कोंबडी आणि केक घेऊन जातात. प्रश्न घेऊन जायची पद्धत नाही.

बाप इझेल कंबरेनं गेला. काका रूफस कंबरेनं गेला. चुलतभाऊ लीलँड अजून साठीलाही पोचला नव्हता, तोही कंबरेनंच गेला. मिसिसिपीत पूर्वजांनी गोऱ्यांचा कापूस वाकून वाकून वेचला, तेव्हा कंबरेत जे दुखणं शिरलं ते पिढ्यान्पिढ्या उतरत आलं, असा घराण्याचा सिद्धांत होता. सिद्धांत इतका भारदस्त होता, की त्याच्यावर शंका घेणं म्हणजे पूर्वजांच्या घामाचा अपमान. तेव्हा शंका कुणी घेतलीच नाही, आणि माणसं आपली एकामागून एक रांगेत मरत राहिली.

ओडेल मॅब्री हा या गादीचा सध्याचा वारस. जन्मभर भुयारी रेल्वे चालवून निवृत्त झालेला. शिकागोच्या हिवाळ्यात पहाटे अंधारात घर सोडायचं, दिवसभर जमिनीखाली गाडी हाकायची आणि अंधारातच परत यायचं. सूर्य नावाचा कुणी इसम आहे हे त्याला ऐकून माहीत होतं. उन्हाळ्यात तो इसम दारात येऊन उभा राहिला, तरी ओडेल त्याला आत घेत नसे. रुंद कडांची हॅट, लांब बाह्या, काळा चष्मा आणि झाडाखालची खुर्ची. लहानपणी आई अंगणातून ओरडायची, "सावलीत ये रे मेल्या, आधीच काय कमी काळा आहेस?" आई जाऊन जमाना झाला, पण तिचा हुकूम अजून पाळला जात होता. चांगल्या हुकुमांच्या बाबतीत हा इतका आज्ञाधारक कधी नव्हता.

त्याचं खरं आयुष्य शनिवारी संध्याकाळी सुरू व्हायचं. नाचाच्या क्लबात. बुटांच्या रंगाची हॅट, हॅटच्या रंगाचा रुमाल, आणि बायकोचा हात धरून असा घसरत जायचा, की जमिनीला वाटावं आपल्यावर कुणी पाय ठेवलाच नाही. तिथं त्याला सगळे 'सिल्क' म्हणत. बायका अजून मान वळवून बघत, आणि त्या बघतात हे व्हर्नेल, म्हणजे त्याची बायको, बघत असे. ओडेलला या जगात एवढंच हवं होतं. फार मागणं नव्हतं त्याचं.

व्हर्नेलनं त्याला फसवलं ते माशावरून. ऑक्टोबरमध्ये चर्चच्या तळघरात आरोग्य रविवार होता. आपल्या वस्तीतला दवाखाना बंद झाल्यापासून चर्चच दवाखाना आहे, शाळा आहे आणि पोलीस चौकीही तेच. विद्यापीठातले लोक येतात, आपलं रक्त नेतात, आपण का मरतो यावर जाडजूड लेख छापतात आणि बक्षिसं घेतात. दवाखाना मात्र उघडून देत नाहीत. असो. तर मक्याच्या पिठात तळलेल्या माशाची कढई व्हर्नेलच्या ताब्यात होती, आणि तिनं नियम केला होता : आधी रक्त, मग मासा.

"अगं, मी तुझा नवरा आहे," ओडेल म्हणाला.

"म्हणून तुला दोन तुकडे देते. आधी बाही वर कर."

माशाच्या दोन तुकड्यांसाठी ओडेल मॅब्रीनं दंड पुढे केला. घराण्यातला पहिला पुरुष, ज्याचं रक्त मरायच्या आधी कुणी तपासलं.

दोन आठवड्यांनी रेनिटाचा फोन आला. रेनिटा म्हणजे चर्चच्या समूहगानात पहिल्या रांगेत गायची ती दात पडलेली मुलगी. ओडेल तिला प्रवचन चालू असताना खिशातली पेपरमिंटची गोळी द्यायचा. आता ती पुरुषांच्या त्याच अवयवांची डॉक्टर झाली होती, ज्यांचं नाव चर्चमध्ये घेत नाहीत. मिशिगन सरोवराच्या किनाऱ्याकडच्या मोठ्या इस्पितळात तिनं ओडेलला समोर बसवलं.

"ओडेलकाका, घरात कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर होता का?"

"छे! आमच्या घरात असलं काही नाही. आम्हा पुरुषांना फक्त कंबर."

"कंबर म्हणजे?"

मग ओडेलनं तिला कंबरेचा इतिहास सांगितला. मिसिसिपी, कापूस, इझेल, रूफस, लीलँड. आवाज चढवून, हातवारे करून, मध्ये थोडा विनोद पेरून. रेनिटा हसली नाही. तिनं पेन खाली ठेवलं.

"काका, तो कॅन्सर हाडात जातो. बऱ्याचदा पहिल्यांदा कंबरेत."

ओडेलनं हॅट डोक्यावर चढवली, मग काढून पुन्हा मांडीवर ठेवली.

तपासण्या झाल्या. त्या कशा झाल्या हे तो कुणाला सांगणार नाही, आणि ज्या मुलीला आपण गोळ्या दिल्या तिच्यासमोर कुशीवर वळून पडल्यावर माणूस छताकडे बघून कुठली स्तोत्रं म्हणतो तेही सांगणार नाही. जानेवारीत निकाल लागला. कॅन्सर होता, आणि गरीब स्वभावाचा नव्हता. आडदांड जातीचा होता.

रेनिटानं सगळं समजावून सांगितलं. आपल्या काळ्या पुरुषांना हा रोग जास्त होतो, लवकर होतो, आणि गोऱ्यांच्या दुपटीनं माणसं दगावतात. का? एक कारण असतं तर बरं झालं असतं. काही दोष रक्तातून, म्हणजे जनुकांतून येतो. ओडेलच्या जनुकात तसा बिघाड सापडला होता, बापाकडून आलेला असणार, आणि मार्लनला, म्हणजे त्याच्या एकुलत्या मुलाला, तो गेलेला असण्याची शक्यता निम्मी निम्मी. काही दोष उशिरा येण्याचा. आणि एक गोष्ट उन्हाची. काळ्या कातडीला व्हिटॅमिन डी बनवायला ऊन जास्त लागतं, आणि आपण येऊन बसलो शिकागोत. ते कमी असलं तर रोग जास्त आडदांड होतो असा संशय आहे, अजून नक्की ठरलेलं नाही.

"तुमचं व्हिटॅमिन डी तर इतकं कमी आहे काका, की प्रयोगशाळेनं पुन्हा रक्त मागवलं. त्यांना वाटलं मशीन बिघडलं."

एवढ्या सगळ्यातून ओडेलनं नेमकं काय उचललं? व्हिटॅमिन. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, याला तर गोळी सापडली. कॅन्सर हा शब्द त्यानं त्याच खोलीत सोडला, जनुक खुर्चीखाली सारलं, आणि घरी येताना फक्त व्हिटॅमिन डी घेऊन आला.

"मार्लनला सांगायचं," गाडीत व्हर्नेल म्हणाली. "आज."

"सांगणार. मी सांगणार. तू एक शब्द काढायचा नाहीस. तुझ्या आईची शपथ."

"ओडेल—"

"आईची शपथ घे, व्हर्नेल."

तिनं घेतली. ती रडत होती आणि याचं लक्ष आरशात हॅट नीट करण्याकडे होतं. त्याला मरणाची भीती वाटत होती, हे खरं. पण त्याहून मोठी होती लाज. लघवी सांभाळायला सिल्कला लंगोट बांधावा लागणार, सिल्क आता नवरा म्हणून कामाचा राहणार नाही, आणि हे क्लबात कळलं तर बायका मान वळवतील ती कीव करायला. पोराला सांगितलं तर पोराच्या डोळ्यांतही तेच दिसेल. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला मनापासून वाटायचं. मॅब्री पुरुषांना ते नेहमीच वाटत आलेलं होतं, आणि देवानं त्यांचं ऐकलंही होतं.

त्यानं मार्लनला फोन केला. "व्हिटॅमिन डी कमी निघालं रे. तूही उन्हात बसत जा."

"बरं डॅडी," मार्लन म्हणाला. झालं. बापाचं कर्तव्य पार पडलं.

मग जो काही सोहळा सुरू झाला! बर्फ वितळताच ओडेल ओसरीवर उघड्या अंगानं बसायला लागला. जन्मभर सावलीत लपवलेलं पोट सगळ्या गल्लीनं पाहिलं. वेंडेलच्या केशकर्तनालयात तर त्यानं व्याख्यानमाला उघडली.

"काळ्या माणसाचा सगळा आजार उन्हाचा आहे. आपल्याला आफ्रिकेतून आणलं ती चूकच, पण आणून शिकागोत बसवलं हा अत्याचार!"

"मग परत जा की," वेंडेल वस्तरा पुसत म्हणाला. "जाताना माझ्या दुकानासमोरून शर्ट घालून जा, गिऱ्हाईक पळतंय."

"डॉक्टरीण इंजेक्शनं देते मला. दर तीन महिन्यांनी."

"व्हिटॅमिनची? दंडात?"

"हो, मग कुठं?" ओडेल म्हणाला आणि ज्या बाजूला टोचलं होतं ती सांभाळून खुर्चीत वळला.

ती इंजेक्शनं व्हिटॅमिनची नव्हती, हे तुम्हाला कळलंच असेल. शरीरातलं पुरुषत्वाचं रसायन बंद पाडायची होती, कारण रोग त्याच्यावरच पोसतो. त्याबरोबर किरणांचे फेरे चालू होते. या औषधाचा एक मासलेवाईक गुण असा, की बायकांना पाळी जाताना जशा उष्णतेच्या लाटा येतात तशा पुरुषाला यायला लागतात. भर प्रवचनात ओडेलचा शर्ट भिजायचा. तो कागदी पंखा असा हलवायचा, की पुढच्या ओळीतल्या बायकांच्या टोप्या उडायच्या बाकी राहत. व्हर्नेलला त्या लाटा आल्या होत्या तेव्हा हाच म्हणाला होता, की सगळे मनाचे खेळ आहेत.

"कसं वाटतंय?" ती कानात विचारायची. "मनाचे खेळ ना?"

घरी मात्र ती थट्टा करत नसे. घरी एकच प्रश्न. "सांगितलंस का?" इस्पितळात रेनिटा विचारायची, "मार्लनला पाठवा काका. मी स्वतः फोन करू शकत नाही, कायदा आहे. तुम्हीच पाठवा." ओडेल म्हणायचा, "त्याच्या मागं कामं फार." पोराच्या मागं एवढी कामं बघून मरणानंही थोडं थांबायला काय हरकत होती?

जुलैत मॅब्रींचं कुटुंब संमेलन आलं. सरोवराकाठच्या बागेत, सगळ्यांना एकाच रंगाचे शर्ट, छातीवर घराण्याचं झाड छापलेलं. मिसिसिपीपासून डेट्रॉइटपर्यंतचे मॅब्री जमलेले. कोळशावर मांस भाजत होतं, पोरं पाण्यात होती, आणि बायका एकमेकींच्या बटाट्याच्या सॅलडला गोड हसून नावं ठेवत होत्या. जेवणाआधी थोरल्या पुरुषानं उभं राहून गेलेल्यांची नावं घ्यायची अशी चाल आहे. यंदा थोरला ओडेल.

तो उभा राहणार इतक्यात समोर मार्लन आला. बेचाळिशीचा, मालट्रक चालवणारा, बापासारखाच रुबाबदार. ताट घेऊन घडीच्या खुर्चीत बसला, "आई गं" म्हणून कण्हला, आणि बायकोला म्हणाला, "ती गाडीतली उशी दे जरा."

बायकोनं उशी आणली. मार्लननं ती पाठीमागे सारली. भोवतालचे सगळे काके-चुलते खूश होऊन ओरडले, "आली! मॅब्रींची कंबर आली पोराला!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मार्लन हसून मान झुकवत होता, जणू पदवी मिळाली.

ओडेलच्या अंगाला घाम फुटला, आणि तो औषधाचा नव्हता.

"इझेल मॅब्री," त्यानं सुरुवात केली. "माझा बाप. कंबरेनं गेला असं आम्ही सांगतो." व्हर्नेलनं हातातला डाव खाली ठेवला. "तो कंबरेनं नाही गेला. त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर होता. रूफसकाकालाही तोच. लीलँडलाही. आणि मला आहे. व्हिटॅमिनची इंजेक्शनं नाहीत ती. आपल्या रक्तात आहे हे, पोरांनो. जे चाळिशीला आलेत त्यांनी सोमवारी रक्त द्यायचं. कंबर बिंबर काही नाही. कापूस बिपूस काही नाही."

कोळशावरचं मांस करपत होतं, तिकडे कुणी बघितलं नाही. मग डोशा आत्या बोलली. इझेलची धाकटी बहीण, नव्वदीची, चाकाच्या खुर्चीत, मांडीवर ताट.

"एकदाचं बोलला गं बाई कुणीतरी."

ओडेल वळला. "आत्या, तुला माहीत होतं?"

"नसायला काय झालं? तुझ्या बापाच्या चादरी कोण धूत होतं? रक्त कोण धूत होतं? रूफसच्या बायकोला माहीत होतं, लीलँडच्या बायकोला माहीत होतं. बायका सगळ्या जाणून होतो आम्ही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या बापानं शपथ घातली. म्हणाला, माझ्या पोरानं मला पुरुष म्हणून आठवलं पाहिजे." तिनं चमच्यानं सॅलड ढवळलं. "आता आठव."

व्हर्नेलनं तोंडावर हात धरला होता. लीलँडची विधवा खाली मान घालून शर्टावरचं झाड बोटानं खरवडत होती.

मार्लन खुर्चीतून उठला. आवाज चढवला नाही, हेच वाईट.

"डॅडी, तुम्हाला कधी कळलं?"

"जानेवारीत."

"मला कंबर दुखायला लागली फेब्रुवारीत," मार्लन म्हणाला. "तेव्हा मी स्वतः तुम्हाला फोन केला होता. आठवतंय? तुम्ही म्हणालात, उन्हात बस."

ओडेलला आठवत होतं. तो फोनवर हसलाही होता.

सोमवारी मार्लन रेनिटाकडे गेला. बापाला बरोबर घेतलं नाही, आईला घेतलं. त्याची कंबर ट्रकच्या मोडक्या सीटमुळे दुखत होती. त्या घराण्यात पहिल्यांदाच कंबर ही खरोखर कंबरच निघाली. पण रक्तातला आकडा चांगला नव्हता. शोधल्यावर रोगही सापडला, लहान, अजून जागच्या जागी, बाहेर पडायच्या बेतात. रेनिटा म्हणाली, अजून वर्षभर थांबला असतात तर मी तुमच्याशी वेगळं बोलले असते. शस्त्रक्रिया झाली, नीट झाली. त्या संमेलनातून आणखी दोन पुतणे रक्त देऊन आले, आणि एक जण अजून म्हणतो की त्याला काही होत नाही. मॅब्री आहे, म्हणणारच.

मार्लन कामावर गेला, हिंडूफिरू लागला, पण बापाशी बोलेना. आईशी बोलायचा, घरी यायचा, टेबलावर जेवायचा, मीठ हवं तर आईकडे मागायचा. मिठाचा डबा ओडेलच्या हाताशी असे. ओडेल तो न बोलता पुढे सरकवायचा, मार्लन न बघता घ्यायचा. हिवाळा परत आला तरी हेच चाललं होतं. क्लबात जाणं ओडेलनं सोडलं नव्हतं. लंगोट बांधून जायचा, दोन गाण्यांनंतर बसायचा. बायका मान वळवायच्या का, हे त्यानं बघणं सोडून दिलं होतं.

एका रविवारी मार्लन जेवून गेल्यावर व्हर्नेल ताटं उचलता उचलता म्हणाली, "बोलेल रे. रक्ताचं आहे, किती दिवस धरून बसेल?"

"नाही बोलला तरी चालेल."

"असं कसं म्हणतोस?"

खिडकीतून मार्लन दिसत होता. गाडीवरचं बर्फ खरवडत होता, धडधाकट, वाकून, जोर लावून. बापाच्या घराकडे पाठ करून.

"माझा बाप शेवटपर्यंत माझ्याशी फार गोड बोलला, व्हर्नेल," ओडेल म्हणाला. "सगळं बोलला. हे सोडून."